कमलताईंची नोकरी

शाळेत आल्या की कमलताई आधी शिपायाच्या खोलीत जात आणि खुंटीवरचा निळा एप्रन अंगात चढवत. तो एप्रन त्यांना कोणी दिलेला नव्हता. आधीची सेविका काम सोडून गेली तेव्हा तो खुंटीवर राहिला होता, एवढेच. संध्याकाळी सव्वाचार वाजता त्या तो काढत, घडी घालत आणि जागच्या जागी ठेवत. सुट्ट्या सोडल्या तर सहा वर्षे हा क्रम चुकला नाही. त्या शाळेत नोकरीला नव्हत्या. त्यांची धाकटी मुलगी वैशाली तिथे शिकत होती.

त्यांचे आडनाव आणि गाव इथे देत नाही. गाव विंझरच्या पुढे, रस्त्यापासून आत आहे, इतके पुरे.

शाळा वरवे बुद्रुकजवळ, महामार्गाच्या कडेला, एका जुन्या गोदामात भरे. तिथली मुले हुशार होती. फक्त वाचन, लेखन किंवा गणित यांतल्या एखाद्या जागी अडत. कोणाला ओळीवर डोळा ठरवता येत नसे, कोणाला अंक उलटे दिसत. शाळेचा एक नियम होता. प्रत्येक पालकाने आठवड्यातून एक दिवस पूर्ण वेळ शाळेत यायचे आणि वर्गात बसून शिक्षकांना मदत करायची. मात्र स्वतःच्या मुलाच्या वर्गात नाही. आईबाप शेजारी बसले की मूल पुस्तकाऐवजी त्यांच्या तोंडाकडे पाहते, असे मुख्याध्यापिकांचे म्हणणे. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

माझा मुलगा तिसरीत तिथे दाखल झाला आणि मला गुरुवार मिळाला. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. गुरुवारी बातम्या कमी असत. पहिल्याच दिवशी मी वर्गाचा फोटो काढायला मोबाईल वर धरला. निळ्या एप्रनमधल्या बाई पुढे आल्या आणि माझ्यासमोर फळा पुसू लागल्या. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

"जरा बाजूला होता का?" मी म्हणालो.

"फोटू शनवारी काढा की," त्या म्हणाल्या. "शनवारी म्या नसते."

त्या सेविका आहेत, असेच मी धरून चाललो. वार्ताहराने असे काही धरून चालायचे नसते.

महिनाभराने शाळेत पालकमेळावा झाला. त्याची चार परिच्छेदांची बातमी मी दिली. शेवटच्या परिच्छेदात लिहिले, 'शाळेतील सेविका कमल यांनी लहान मुलांकडून वाचन करून घेतले.' बातमी छापून आली त्या दिवशी हसीनाभाभींनी मला व्हरांड्यात गाठले. त्या भोरच्या, त्यांची सानिया पहिल्या वर्गात होती आणि वार गुरुवारच.

"पेपरवाले, कमल आमच्यासारखीच पालक आहे. तुम्ही तिला नोकरीला लावलंत."

मी त्याच दिवशी खुलासा द्यायची तयारी केली. चूक पान चारवर झाली असेल तर खुलासाही पान चारवर, हा आमच्या कार्यालयाचा नियम होता. तेवढ्यात कमलताई आल्या. हातात बातमीचे कात्रण होते.

"दादा, ह्ये असंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितले. वैशाली पाचवीत होती तेव्हा गावातल्या शाळेच्या गुरुजींनी या शाळेचे नाव सुचवले. घरी विषय काढताच सासूबाईंनी विचारले, "पोरगी डोस्क्यानं कमी हाय का?" घरात थोरली मुलगी होती, दोन-चार वर्षांत तिचे लग्न पाहायचे होते. कमलताईंनी जागच्या जागी उत्तर दिले. "न्हाई, आत्याबाई. मला त्या शाळंत नोकरी लागतीय. वैशूला सोबतीला नेते."

"पगाराचे काय सांगितलेत?" मी विचारले.

"अनुदान आलं की सुरू व्हनार म्हनलं. परमनंट झाल्यावर मागचा सगळा मिळनार."

यात कोणाला काही खटकले नाही. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत अनुदानाची वाट पाहत बिनपगारी राबणारी माणसे गावोगाव आहेत. नोकरी खोटी असली तरी तिच्यात न बसणारी एकही गोष्ट नव्हती. आता तिला छापील पुरावाही मिळाला होता, आणि तो मी दिला होता.

खुलासा मी दिला नाही.

नोकरी सांगितल्यामुळे त्यांना आठवड्यातून एक दिवस येऊन भागेना. शनिवारची अर्धी शाळा सोडली तर रोज यावे लागे. सकाळी सव्वासातची यष्टी, चेलाडीला उतरून वडाप जीप, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. सकाळचे भाकरी-कालवण, गोठा आणि पाणी उरकून त्या निघत. भाताची रोपे लावायच्या, आवणीच्या दिवसांतही निघत, कारण नोकरीला आवणीची सुट्टी नसते. इतर पालक त्यांना चिडवत.

"आमची एक दिवसाची शिक्षा, कमलला सश्रम कारावास," हसीनाभाभी म्हणत.

"भाभी, तुमी सुटला की डबा आनत जावा मग," कमलताई म्हणत आणि खडू मोजू लागत.

शिक्षणशास्त्राचे एकही पुस्तक न वाचलेल्या या बाईंनी पहिल्या वर्गाची निम्मी मुले वाचती केली, असे मोठ्या बाई सांगत. मी त्यांना काम करताना पाहिले आहे. सानिया ओळ वाचताना तीन शब्द गाळून पुढे पळे. कमलताई तिचे बोट धरून पहिल्या शब्दाखाली ठेवत आणि स्वतः गप्प बसत. मूल अडले तरी शब्द सांगत नसत. घाई केली की म्हणत, "डोळा घाई करतो. बोट करीत न्हाई. बोटाच्या मागनं जा." एखादी आई आपल्या मुलाबद्दल काळजीने विचारू लागली की त्यांचे ठरलेले वाक्य होते: "आपलं पोर आपल्याला दिसत न्हाई, बाई. दुसऱ्याचं दिसतं. तू माझं बघ, म्या तुझं बघते."

त्यांचे कोण बघत होते, हे मला वैशालीकडून कळले. ती आठवीत असताना एका गुरुवारी तिचा वर्ग माझ्याकडे आला. ती वाचायला उभी राहिली. पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलेले, ओळीखाली बोट नाही. चौथ्या शब्दाला अडली. मी म्हणालो, "बोट ठेव की. तुझी आईच तर सगळ्यांना शिकवते."

"आई शाळेत बोट ठेव म्हणते," वैशाली म्हणाली. "घरी बोट काढ म्हणते. मग कुठं ठेवायचं ते कळत नाही."

घरी बोट ठेवून वाचणारी मुलगी लगेच ओळखू आली असती. म्हणून पत्रिका आली, पंचायतीची नोटीस आली, सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठी आली, की कमलताई ती वैशालीच्या हातून काढून घेत आणि तिला चुलीकडे पिटाळत. मुलगी शाळेत जे शिके ते घरी लपवायला शिके. हे मी कमलताईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"म्हायती हाय," त्या म्हणाल्या. "थोरलीला उजवली की मोकळं करनार हाय तिला."

थोरलीचे जमेना. दरम्यान नोकरीची कीर्ती वाढत गेली. एका गुरुवारी त्यांच्या भावकीतले बबनआप्पा फाटकात आले. साठीचे गृहस्थ, पांढरी टोपी, हातात कागदांची पिशवी.

"आमच्या कमलमॅडम हितंच असत्यात ना?"

व्हरांड्यात आम्ही पाच पालक होतो. कमलताई आत वर्गात होत्या, एका मुलाचे नाक पुसत.

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत," हसीनाभाभी म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नव्हते.

"बसतो मग. सूनबाईचं डी.एड. झालंय. कमलनं मोठ्या बाईंच्या कानावर घातलं तर जमंल म्हनलं."

"जागा निघाली की कळवतील त्या."

"तिचा शब्द चालतो ना हितं?"

"त्यांच्याशिवाय पान हलत नाही," हसीनाभाभी म्हणाल्या, आणि हे मात्र खरे होते.

आप्पा पिशवी ठेवून गेले. कमलताईंनी ते कागद एक वर्ष शिपायाच्या खोलीत सांभाळले. परत द्यायचे तर कारण द्यावे लागणार होते. "दादा," त्या एकदा म्हणाल्या, "खोटं एकदाच बोलले म्या. पर त्याला रोज वैरन घालावी लागती."

वैशाली दहावीला आली त्या वर्षी थोरलीचे लग्न ठरले. मुलाकडच्यांना मुलगी पसंत होतीच. आई शाळेत आहे, हे ऐकून ते अधिक खूश झाले. साखरपुडा झाला. लग्न परीक्षेनंतर, वैशाखात.

इथे अडचण उभी राहिली. दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो, तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. त्यासाठी पुण्याच्या सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज करावा लागतो. अर्जावर आई आणि वडील दोघांची सही झाल्याशिवाय मोठ्या बाई तो पुढे पाठवत नसत. एका बापाने नंतर येऊन भांडण केले होते, तेव्हापासून. वैशालीने शाळेत घेतलेल्या सराव परीक्षा दोनदा दिल्या होत्या. जादा वेळ धरून ती सगळ्या विषयांत पास. जादा वेळ न धरता चार विषयांत नापास. कागद माझ्यासमोर टेबलावर होते. फरक स्पष्ट होता.

"तुमचे मालक येतील का?" मोठ्या बाईंनी विचारले.

"इचारते," कमलताई म्हणाल्या. दोन आठवडे त्यांनी विचारले नाही. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा विचारले.

ते एका गुरुवारीच आले. शिरवळच्या कारखान्यात पाळीवर होते, गणवेशातच आले. कार्यालयाचे दार उघडे होते आणि मी बाहेरच्या बाकावर होतो. मोठ्या बाईंनी सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले.

"म्हायती हाय, बाई. दुसऱ्याच वर्षी कळलं व्हतं. आमच्या कंपनीच्या डायव्हरची पुतनी हितं व्हती."

कमलताई उभ्या होत्या. त्या मालकांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मंग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगायचं? चाललं व्हतं ना."

"तुमाला ठावं असताना म्या चार वर्सं लपवीत व्हते."

"म्या बी कुठं बोललो?" ते म्हणाले. त्यांनी दोन्ही ठिकाणी सही केली आणि पेन परत दिले. उठताना म्हणाले, "आईला कळू द्यायचं न्हाई. लगीन होस्तोवर तरी न्हाई."

पहिल्या दिवसापासून कमलताई सासूबाईंइतक्याच ज्यांना भीत होत्या, ते मालक त्यांच्याच बाजूला निघाले होते आणि तरीही काही सुटले नव्हते. त्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला नाही. व्हरांड्यात बसून राहिल्या. हसीनाभाभींनी चहा आणून दिला, तो तसाच निवला.

परीक्षा केंद्र नसरापूरला आले. वेल्ह्याच्या बाजूच्या काही गावांची मुलेही तिथेच होती. पहिल्या पेपरला मी केंद्राच्या फाटकावर होतो. कॉपीविरोधी पथकाची बातमी करायची होती. कमलताई एका कडेला, भिंतीला लागून उभ्या होत्या. अंगात नेहमीची साडी, हातात पाण्याची बाटली. त्यांच्या गावातले आठ-दहा जण समोरच्या झाडाखाली बसले होते. बबनआप्पाही होते, त्यांचा नातू आत होता.

"एक तासभर ती मागं ऱ्हानार," कमलताई मला हळूच म्हणाल्या. "पोट दुखत व्हतं म्हनून उशिरा बसवली, असं सांगनार हाय. ऐकायला बरं वाटतं का?"

मी फाटकाकडे पाहत राहिलो. सहा वर्षांपूर्वी खुलासाही असाच टाळला होता.

दोन वाजता घंटा झाली. मुले बाहेर आली, आईबापांनी त्यांना वेढले, उत्तरे विचारली. पंधरा मिनिटांत आवार रिकामे झाले. गावातली माणसे मात्र थांबली. जाताना सगळे एकाच टेम्पोने जाणार होते आणि वैशालीलाही त्यातच यायचे होते.

"कमल, तुझी पोर कुठाय?" आप्पांनी विचारले.

"येईल की."

अडीच वाजले. आप्पांच्या नातवाने सांगितले, वैशाली त्यांच्या वर्गात नव्हतीच, तिला निराळ्या खोलीत नेले होते. झाडाखाली कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, मघाशी पथकाची गाडी आत गेली होती. दुसऱ्याने त्यात भर घातली.

"कॉपी धरली असंल."

"मोबाईल सापडला म्हनं कुनाकडं तरी."

"आई शाळंत कामाला, अन् पोर कॉपी करती," एक बाई म्हणाली. ती थोरलीच्या होणाऱ्या सासरच्या गावची होती.

कमलताईंच्या हातात पोटदुखीचे कारण तयार होते. ते त्यांनी वापरले असते तर कोणी पूर्ण विश्वास ठेवला नसता, पण तोंडावर कोणी काही बोललेही नसते. त्यांनी बाटली जमिनीवर ठेवली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला. आप्पा वडीलधारे होते.

"आप्पा, तिनं कॉपी न्हाई केली. तिला वाचायला येळ लागतो. सरकारचा कागद हाय तिच्याकडं. तासभर जादा मिळतो."

"येळ लागतो म्हंजी?"

"ल्हानपनापासनं. म्हनून तर त्या शाळंत घातली."

"तू नोकरीला हाईस म्हनून घातली ना?"

"म्या नोकरीला न्हाई, आप्पा. कधीच न्हवते. म्या पालक हाय तिथली."

आप्पांनी कमलताईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांनी मला शाळेच्या व्हरांड्यात पाहिलेले होते. "पेपरात आलं व्हतं की," ते म्हणाले.

"ती बातमी मी दिली होती," मी म्हणालो. "चुकीची होती."

आप्पांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. तीन वाजता वैशाली बाहेर आली. आईने बाटली पुढे केली. तोवर टेम्पो त्यांना न घेताच निघून गेला होता. त्या दोघी चालत चेलाडीला गेल्या.

वैशाली पास झाली. थोरलीचे लग्नही झाले. मुलाकडचे दोन पुरुष मध्ये येऊन विचारून गेले की हे पुढच्या मुलाबाळांत उतरते का. कमलताईंच्या मालकांनी त्यांना मोठ्या बाईंकडे पाठवले, बाईंनी तासभर बसवून समजावले, आणि ते लग्नाला आले. ज्या गोष्टीला कमलताई सहा वर्षे भ्यायल्या, ती इतक्यावर भागली.

भागले नाही ते निराळेच. सासूबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, असे मला हसीनाभाभींकडून कळले. "नोकरी न्हवतीच, तर आता जातीस कशाला?" वैशालीची शाळा संपली होती. कमलताईंचे शाळेत येणे त्या दिवशी थांबले.

गेल्या दिवाळीनंतर मोठ्या बाईंनी माझ्याबरोबर निरोप पाठवला. नवीन पालक मुलांचे प्रमाणपत्र काढायला तयार होत नाहीत. महिन्यातून एकदा कमलताईंनी येऊन त्यांच्याशी बोलावे. मी दुपारी पोहोचलो. अंगणात भात वाळत घातले होते आणि त्या ते पायाने परतत होत्या. वैशाली भोरला आयटीआयला होती. रोज एकटी जात होती. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा वर गेला, मग त्यांनी ओटीकडे पाहून तो खाली आणला.

निरोप त्यांनी ऐकला.

"बाईंना म्हनावं, मला लई यावंसं वाटतं," त्या म्हणाल्या. "पर काय सांगून येऊ?"

"जे आहे ते सांगून या."

"जे हाय त्ये घरात चालत न्हाई, दादा. नोकरीला जाऊ देत्यात. नुस्तं जायचं म्हनलं तर न्हाई." त्या पुन्हा भात परतू लागल्या. "सानिया अजून बोट ठेवती का?"

"धडाधड वाचते. बोट न ठेवता."

"ठेवलं तरी काय बिघडत न्हाई म्हनावं."

मी आणखी काही बोलणार होतो. मोठ्या बाईंनी गाडी पाठवायची तयारी दाखवली होती, मालकांशी बोलायचीही. तेवढ्यात ओटीवरून सासूबाईंचा आवाज आला.

"कोन हाय गं त्यो?"

कमलताईंचे पाय थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"कुनी न्हाई, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "रस्ता चुकलाय मानूस."

सासूबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "विंझरला कुठून जायचं?"

कमलताईंनी हात लांब करून रस्ता दाखवला. मी त्या दिशेने चालू लागलो.